पाणी धरणारे दार, पाणी सोडणारे दार

वरठीच्या शिवारात रात्री धानाला पाणी द्यायला गेलेला माणूस एक आवाज अंधारातही ओळखतो. वीज जाते, मोटर गप्प होते आणि दोन-तीन क्षणांनी पाइपातून 'धप्प' असा आवाज येतो. पाइप किंचित हलतो, मग शांतता. पण त्या शांततेत विहिरीच्या तळाकडून गळगळ ऐकू आली, तर माणसाच्या पोटात गोळा येतो. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फुटवाल, गळतो आहे, पाइप रिकामा होतो आहे. वीज परत येईल, ऑटो स्टार्टर मोटर चालू करील, पंप कोरडा फिरेल आणि पाणी येणार नाही. सकाळी नरसाळे घेऊन पंपात पाणी भरत बसावे लागेल.

भंडाऱ्याजवळचे वरठी हे मोहाडी तालुक्यातले गाव. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे भंडारा रोड स्थानक इथेच आहे, पोलादाचा मोठा कारखानाही इथेच आहे, आणि या दोन्हींच्या भोवती वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची बांधी पसरलेली आहे. शेतीची थ्री-फेज वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. त्यामुळे पंप चालू होताना आणि बंद पडताना शेजारी माणूस असेलच असे नाही. म्हणून एक साधा वाटणारा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो: पंप बंद पडल्यावर पाइपातल्या पाण्याचे काय व्हावे? ते तिथेच राहावे की निघून जावे? आणि हा निर्णय माणसाच्या हाताशिवाय कोण घेणार?

उत्तर एका लहानशा वस्तूत आहे. तिला दुकानात 'ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह' म्हणतात. पंप चालू असताना ती बंद राहते, पंप थांबला की आपोआप उघडते आणि पाइप रिकामा करते. तिला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही, हात लागत नाही. पाण्याचाच दाब तिला मिटतो आणि तो दाब उतरला की ती उघडते.

आपल्या ओळखीची जुनी युक्ती

पाण्यानेच पाण्याचे दार चालवावे, ही कल्पना या भागाला नवी नाही. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले शेकडो तलाव इथे आहेत. मालगुजारी पद्धत 1951 साली संपली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे आजच्या बोलीत 'मामा तलाव' झाले. अशा तलावाला पाणी बाहेर जाण्याच्या दोन वाटा असतात. एक तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडण्याचे तोंड. ते माणूस उघडतो. दुसरा सांडवा. तो कोणीही उघडत नाही. पाणी ठरावीक उंचीला पोचले की ते आपणच सांडव्यावरून वाहू लागते, उतरले की थांबते. मध्यरात्री ढगफुटी झाली आणि सारे गाव झोपेत असले, तरी सांडवा आपले काम करतो. त्यात हलणारा एकही भाग नाही, तरी काम स्वयंचलित झडपेचेच.

दुसरे उदाहरण मोटेचे. महाराष्ट्रातल्या चामडी मोटेला खाली सोंड असे. जाड नाडा मोटेच्या तोंडाला आणि बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला. मोट विहिरीतून वर येत असताना सोंदूर सोंडेला वर दुमडून धरी, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठावर आली की नाडा उंचावरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या कण्यावरून जात असल्याने सोंड पुढे ओढली जाऊन थारोळ्यात पसरे आणि मोट रिकामी होई. बैलांना धावेवर पुढे नेणारा माणूस मागे वळूनही पाहत नसे. धरायचे तेव्हा धरणे आणि सोडायचे तेव्हा सोडणे, ही दोन्ही कामे दोरांच्या लांबीत आधीच बसवून ठेवलेली होती.

ड्रेन व्हॉल्व्ह हे त्याच शहाणपणाचे आजचे रूप आहे.

आधी धरणारे दार

सोडणाऱ्या दाराकडे जाण्याआधी धरणारे दार समजून घ्यायला हवे, कारण या दोघांची गल्लत झाली की पंप बिघडतो.

विहिरीच्या काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. खरे तर पंप फक्त सक्शन पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतले पाणी वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त 10.3 मीटर उंच ढकलू शकतो. इटलीतल्या टॉरिचेली याने 1640च्या दशकात याचे कारण उलगडून दाखवले. व्यवहारात पाइपातले घर्षण आणि सांध्यांतली गळती धरून सहा-सात मीटरच्या पुढे जाऊ नये. त्यातही एक अट आहे: सुरुवातीला पंपात आणि सक्शन पाइपात पाणी भरलेले हवे. पंख्याला पाणी फेकता येते, हवा तितक्या जोराने फेकता येत नाही, कारण हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी आहे.

ते पाणी धरून ठेवतो तो तळाचा फुट व्हॉल्व्ह. कोणी त्याला फुटवाल म्हणते, कोणी चक्क फुटबॉल. जाळीच्या आत एक झडप, तिला रबराची किंवा चामड्याची चकती. पाणी वर जाताना झडप उचलली जाते, मागे फिरताच तीच पाण्याच्या वजनाने घट्ट बसते. चकतीखाली वाळूचा एक खडा अडकला तरी रात्रभरात पंप रिकामा होतो. मग शेणकाल्याचे पाणी पंपात ओतून फट बुजवण्याचा गावठी उपाय होतो. तो दोन-चार दिवस चालतो, पण खडा तिथेच राहतो.

हातपंपातही हेच तत्त्व आहे. देशभर पसरलेल्या इंडिया मार्क-2 हातपंपाची मुळे जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या पंपांत आहेत. 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यांतून हा पंप आकाराला आला. चांगल्या हातपंपाला पहिल्या एक-दोन हापशांत पाणी येते, कारण खालच्या झडपेने पाइप भरलेला ठेवलेला असतो. वीस हापशांनंतर पाणी आले, तर समजावे की झडप पाणी धरत नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवावा: सक्शनच्या बाजूला पाणी धरायचे असते. तिथे ड्रेन व्हॉल्व्ह कधीही लावू नये. तो पाणी तर सोडीलच, शिवाय चालू पंपात हवा घेईल.

मग सोडायचे कशाला?

डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपापासून शेताकडे जाणाऱ्या पाइपाच्या, बाजूचे गणित वेगळे आहे. 63 मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला साधारण अडीच लिटर पाणी मावते. म्हणजे शंभर मीटरच्या काळ्या पाइपात अडीचशे लिटर, अडीचशे किलो वजनाचे. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाइप सरकवायचा असेल, किंवा पावसाळ्याआधी नदीकाठचा पंप उचलून आणायचा असेल, तर भरलेला पाइप कोणाच्या बापाला उचलणार नाही.

दुसरे कारण गाळ. नदीच्या पाण्यात बारीक माती असते. वाहत्या पाण्यासोबत ती पुढे जाते, पण पाणी थांबले की पाइपाच्या खोलगट भागात बसते. रोज थोडी थोडी. काही भागांतल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले लोह असते. हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि साचलेल्या पाण्यातून तो पाइपाच्या भिंतीवर चढतो.

तिसरे कारण ऊन. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. बांधावर उघड्या पडलेल्या काळ्या पाइपातले साचलेले पाणी दुपारी इतके तापते की पहिल्या धारेखाली हात धरवत नाही. तीच धार भाजीच्या कोवळ्या रोपांवर पडते.

चौथे कारण बोअरवेलचे. साठ मीटर खोल सोडलेल्या, 40 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात सुमारे 75 लिटर पाणी उभे असते. मोटर जळाली आणि पाइप वर काढायचा झाला, तर पाइपाच्या आणि पंपाच्या वजनावर हे 75 किलो जादा. पाणी आधीच उतरलेले असेल, तर काढणाऱ्यांचे कष्ट आणि दोर तुटण्याचा धोका दोन्ही कमी होतात.

थंड देशांत पाचवे कारण आहे आणि तिथे तेच सर्वांत मोठे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि पाइप फोडते. अमेरिकेत किंवा कॅनडात घर केलेल्या मराठी कुटुंबांना बागेचे पाइप हिवाळ्यापूर्वी रिकामे करण्याची धांदल चांगली ठाऊक असते. वरठीला ती भीती नाही. म्हणून बाहेरचा सल्ला जसाच्या तसा न उचलता आपल्या कारणांसाठीच ही झडप लावावी.

झडप उघडून बघू

साध्या ड्रेन व्हॉल्व्हचे बूच फिरवून काढले, तर आत तीनच गोष्टी दिसतात: रबराची एक गोळी किंवा चकती, तिला वर उचलून धरणारी एक नाजूक स्प्रिंग आणि खाली पाणी बाहेर जाण्याचे गोल तोंड. स्प्रिंग इतकी हलकी की करंगळीने दाबली तरी बसते.

पंप बंद असतो तेव्हा स्प्रिंग गोळीला तोंडापासून दूर ठेवते. पाइपातले पाणी गोळीच्या बाजूने वाहत बाहेर पडते. पंप चालू झाला की पाण्याचा लोंढा येतो. सुरुवातीला काही पाणी या तोंडातून बाहेर उडते. पण प्रवाह वाढतो तसा गोळीवरचा दाब वाढतो, तो स्प्रिंगच्या जोरापेक्षा जास्त झाला की गोळी तोंडावर बसते. एकदा बसली की पाइपाचा पूर्ण दाब तिला वरून दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकी झडप घट्ट. बऱ्याच झडपा दोन-तीन मीटर पाण्याच्या दाबाला मिटतात. पंप थांबला, दाब उतरला, की स्प्रिंग गोळीला पुन्हा उचलते.

ठिबक सिंचनात नळीच्या शेवटी लावतात तो स्वयंचलित फ्लश व्हॉल्व्ह याच जातीचा. दर वेळी पंप सुरू झाला की तो पहिल्या काही क्षणांत नळीच्या टोकाला साचलेली माती बाहेर टाकतो आणि दाब आला की मिटतो. एकेक नळीचे बूच काढून धुण्याचे काम तो बरेच कमी करतो.

आता फसगतीची जागा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण चांगली झडप विकत आणूनही ती चालत नाही, असा अनुभव इथेच येतो.

समजा, पंप नदीच्या पात्राजवळ आहे आणि काठ आठ मीटर उंच आहे. पंपाशेजारी साधा ड्रेन व्हॉल्व्ह लावला. पंप बंद केला, तर झडप उघडेल का? उघडणार नाही. पंप थांबला तरी पाइपात आठ मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभाच आहे. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो, म्हणजे आठ मीटरला 0.8 किलो. झडप तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाच मिटते. खांब उभा आहे तोवर झडप बंद, आणि झडप बंद आहे तोवर खांब उभा. दोघे एकमेकांना अडवून बसतात.

म्हणून साधी झडप फक्त अशा ठिकाणी चालते, जिथे पंप थांबल्यावर पाइपातला दाब दुसऱ्या वाटेने आपोआप उतरतो किंवा मुळात चढ फार थोडा असतो. सपाट बांधीतला पाइप, तुषार सिंचनाची ओळ, ठिबकची नळी या तिच्या जागा.

उंच चढाच्या पाइपासाठी दुसरी रचना लागते आणि तिच्यातली हुशारी खरोखर पाहण्यासारखी आहे. पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण एनआरव्ही म्हणतो. त्याच्या वरच्या बाजूला ड्रेनचे तोंड ठेवतात. त्या तोंडावर बसणाऱ्या बुचाच्या पाठीमागे रबराचा मोठा पडदा असतो, आणि त्या पडद्याच्या मागची पोकळी एका बारीक नळीने एनआरव्हीच्या खालच्या, म्हणजे पंपाच्या बाजूला जोडलेली असते. आता पंप चालू आहे: दोन्ही बाजूंना दाब जवळजवळ सारखा, पण पडद्याचे क्षेत्रफळ तोंडापेक्षा मोठे. त्यामुळे पंपाचा दाब जिंकतो आणि बूच तोंडावर बसते. पंप थांबला: बोअरमधल्या पंपातून खालचे पाणी निसटते, पडद्यामागचा दाब पडतो, पण वरचा खांब अजून उभाच आहे. तोच खांब आता बुचाला मागे ढकलतो आणि स्वतः बाहेर पडतो. ज्या वजनाने साध्या झडपेला अडकवले, त्याच वजनाला इथे कामाला लावले आहे.

ही रचना कुठे चालणार नाही, हेही स्पष्ट आहे. पंपाखाली चोख फुट व्हॉल्व्ह असेल, तर फुट व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही यांच्यामध्ये दाब कोंडून राहू शकतो आणि पडदा मागे सरत नाही. अशा ठिकाणी हाताने फिरवायचा साधा कॉक हाच खरा उपाय.

सुरुवातीचा तो 'धप्प'

आता त्या रात्रीच्या आवाजाकडे परत येऊ. पाइपातले पाणी दर सेकंदाला दीड मीटर वेगाने वर जात असते. मोटर थांबली तरी ते क्षणभर पुढे जाते, थांबते, मागे फिरते आणि मिटणाऱ्या झडपेवर आदळते. वाहते पाणी एकदम थांबले की दाबाची लाट उठते. दीड मीटर वेगाचे पाणी पीव्हीसी पाइपात तत्काळ थांबले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहा किलोचा जादा दाब येऊ शकतो, लोखंडी पाइपात त्याच्या जवळजवळ तिप्पट. याला जलाघात म्हणतात. पवनी तालुक्यातली नेरला किंवा तुमसरकडची सोंड्याटोला, अशा उपसा सिंचन योजनांच्या मोठ्या नळांत याचा विचार आराखड्यातच करावा लागतो. शेतकऱ्याच्या पाइपात तो सांधा उखडून किंवा फुट व्हॉल्व्हची चकती फाडून स्वतःची ओळख देतो.

ड्रेन व्हॉल्व्ह हा जलाघाताचा इलाज नाही. उलट, रिकामा पाइप पुन्हा भरताना नवा धोका येतो. पाइपातली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर ती पुढे कोंडली जाते आणि पाणी तिच्यावर आदळते. पाइप रिकामा होताना उलटा प्रकार: आत हवा शिरायला वाट नसेल, तर पोकळी तयार होते, पातळ भिंतीचा पाइप चपटा होतो, ठिबकच्या छिद्रांतून चिखल आत ओढला जातो. म्हणून तळाला ड्रेन लावला तर माथ्याला एअर व्हॉल्व्ह हवाच. पाणी खालून सोडायचे, तर वरून हवेला वाट द्यायची. आजी डब्यातले तेल ओतताना दुसरे भोक पाडत असे, ते याचसाठी.

बोअरवेलच्या पंपाला आणखी एक काळजी. एनआरव्ही नसेल, तर खाली धावणारे पाणी पंखा उलटा फिरवते. तेवढ्यात वीज आली आणि ऑटोने मोटर चालू केली, तर उलट्या फिरणाऱ्या दांड्यावर मोठा ताण येतो. पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबणारा टायमर स्टार्टरमध्ये असावा. मोटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत फार थोडी आहे.

सौर पंपांनी यात नवी बाब आणली आहे. सूर्य वर येतो तसा त्यांचा दाब हळूहळू चढतो, ढग आला की उतरतो. दाब झडप मिटण्याइतका होईपर्यंत पाणी ड्रेनमधूनच वाहत राहते. ढगाळ दिवशी हे अनेकदा घडते. सौर पंपावर ड्रेन लावायचा, तर बाहेर पडणारे पाणी विहिरीत किंवा बांधीत जाईल अशीच जोडणी करावी.

लावताना पाळायच्या गोष्टी

ड्रेन पाइपाच्या सर्वांत खोल जागी, पण पंपाच्या डोक्याच्या वर असावा, म्हणजे पाइप रिकामा झाला तरी पंप भरलेला राहतो. त्याचे तोंड चिखलात बुडू नये, खाली गिट्टीचा थर द्यावा. त्याच्या आधी जाळी लावावी, कारण स्प्रिंगची ही झडप एका खड्यानेही उघडी राहते. पंप चालू असताना ड्रेनमधून सतत थेंब पडत असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा, ओल्या हाताने काही सोडवू नये, मग गोळी काढून स्वच्छ धुवावी आणि रबर कडक झाले असेल तर बदलावे.

पिण्याच्या पाण्याच्या नळाला मात्र वेगळा नियम आहे आणि तो मोडू नये. जमिनीत पुरलेल्या पाइपाला आपोआप उघडणारे तोंड ठेवले, तर पाणी थांबल्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊन गटाराचे पाणी आत येऊ शकते. जल जीवन मिशनमुळे 2019 नंतर गावोगावी घरात नळ आले आहेत. त्या नळांच्या वाटेत कोणीही स्वतःच्या सोयीसाठी असा ड्रेन लावू नये. लावणे भागच असेल, तर तो उघड्यावर, जमिनीच्या वर आणि तोंडाखाली मोकळी जागा ठेवून, जाणकारानेच लावावा.

मग प्रत्येक पंपाला ऑटो ड्रेन हवा का? नको. वीस मीटरच्या पाइपाने शेजारच्या बांधीत पाणी सोडणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याने तेच पैसे चांगल्या फुट व्हॉल्व्हवर खर्च करावेत. लांब पाइप, गढूळ पाणी, ठिबक किंवा तुषारच्या ओळी, वारंवार काढावा लागणारा पंप, यांतले काही असेल तर ही छोटी झडप तिची किंमत एका हंगामात वसूल करून देते.

रोवणीच्या आधी एक काम करा. पंप चालू करा, बंद करा आणि पाच मिनिटे पाइपाशेजारी उभे राहून ऐका. पाणी कुठे थांबते, कुठून निसटते, कुठे आदळते, हे कानालाच कळेल. कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे ते आधी कागदावर लिहा, मगच दुकानात जा.